स्मार्ट घरातला डेटा कुठे जातो, कुठे अडवता येतो – बेसा, २ बीएचके

झिरोमाईल (धागाकर्ता)

नागपुरात बेसा इथल्या २ बीएचके फ्लॅटसाठी विचारतोय. फायबरचं कनेक्शन आहे, राउटर इंटरनेट कंपनीनेच दिलेला. त्यावर सध्या एवढं आहे: वायफाय कॅमेरे २ (दाराबाहेर १, हॉलमध्ये १), स्मार्ट स्पीकर, स्मार्ट टीव्ही, स्विचबोर्डाच्या आत बसवलेली वायफाय मॉड्यूलं ६, वायफायवाला इन्व्हर्टर एसी, कूलरला स्मार्ट प्लग.

सगळं काढून टाका, हा सल्ला नको. कोणतं उपकरण काय बाहेर पाठवतं, त्यातलं काय अडवलं तरी ते चालत राहतं आणि अडवताना काय बिघडतं, एवढं हवंय. खर्च ५ हजारांच्या आत असला तर बरं. सोसायटीत गेटवरचं अ‍ॅप आहे आणि मीटरही आता स्मार्ट आलाय. त्यांचंही कोणाला ठाऊक असेल तर लिहा.

तर्रीपोहा

भाऊ, काही विकत घ्यायच्या आधी एक चाचणी करा. अर्ध्या तासाचं काम आहे. घरातलं वायफाय चालू ठेवायचं, फक्त बाहेरचं इंटरनेट तोडायचं आणि एकेक उपकरण अ‍ॅपवरून चालवून पाहायचं.

यात दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, फायबर उपटतात. हिरव्या टोकाच्या त्या कनेक्टरला हात लावू नका. टोकाला बोट किंवा धूळ लागली की सिग्नल पडतो, लाल दिवा लागतो आणि मग लाइनमनची वाट पाहत बसा. ओएनटी (फायबर ज्यात येते तो डबा) आणि राउटर वेगळे असतील तर मधली लॅनची वायर काढा. एकच डबा असेल तर राउटरच्या पानावर जाऊन पीपीपीओई (कंपनीकडचं लॉगिन) डिस्कनेक्ट करा. दुसरं, फोनचा मोबाइल डेटा चालूच राहतो. इंटरनेट नसलेलं वायफाय सोडून फोन आपोआप डेटावर जातो आणि चांगलं चालणारं उपकरणही अ‍ॅपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतं. डेटा बंद करूनच बसा.

आता तीन ढीग पडतील. अ‍ॅपवरून चाललं ते पहिल्या ढिगात: आज्ञा घरातल्या घरात जाते. फक्त भिंतीवरच्या बटणाने किंवा रिमोटने चाललं ते दुसऱ्या: बटण तुमचं, अ‍ॅप परक्याचं. कशानेच हललं नाही ते तिसऱ्या ढिगात. त्या तिसऱ्याची चावी कंपनीच्या सर्व्हरकडे असते आणि सर्व्हर बंद झाला की वस्तूचा दगड होतो. रिव्हॉल्व्ह नावाच्या स्मार्ट घराच्या हबचं मे २०१६ मध्ये हेच झालं. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट घराच्या कंपनीचे सर्व्हर एके दिवशी न सांगता बंद पडले.

पण पहिल्या ढिगातलं उपकरण गप्प असतं असं समजू नका. घरातून चालणं आणि बाहेर काही न पाठवणं या वेगळ्या गोष्टी. दुसरी मोजावी लागते. राउटरच्या पानावर उपकरणानुसार अपलोड दिसत असेल तर रात्री १ ते ५ या वेळेतला आकडा पाहा, कारण तेव्हा कोणी काही वापरत नसतं. मॉड्यूल किंवा प्लग ‘मी जिवंत आहे’ एवढंच सांगत असेल तर आकडा किलोबाइटमध्ये, फार तर एखाद-दोन एमबी राहतो. तो शेकडो एमबीत गेला तर विचारायला जागा आहे.

खस_ताटी

कॅमेऱ्यांपुरतं लिहितो, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच असते आणि ती हॅकरने केलेली नसते.

कॅमेरा बसवणारा मुलगा घाईत असतो. तो क्यूआर स्वतःच्या फोनने स्कॅन करतो, कॅमेरा स्वतःच्या खात्यात चढवतो आणि तुम्हाला ‘शेअर’ करून देतो. तुम्हाला चित्र दिसतं, म्हणून कॅमेरा आपला आहे असं वाटतं. खात्याचा मालक मात्र तो. ओळखायचं कसं? अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगला जा. ‘शेअर करा’ किंवा ‘फर्मवेअर अपडेट’ हे पर्याय दिसतच नसतील तर तुम्ही पाहुणे आहात. आता नुसतं रीसेट बटण दाबून उपयोग नाही, कारण बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हरवर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक मालकाच्या खात्याला बांधलेला असतो. त्याने त्याच्या अ‍ॅपमधून कॅमेरा डिलीट करायचा, मग तुम्ही पिनने १० सेकंद रीसेट दाबायचं आणि स्वतःच्या खात्यात चढवायचा. पैसे देण्याआधी, तो घरात असतानाच हे करून घ्या. स्टिकरचा फोटोही काढून ठेवा. कॅमेरा ९ फुटांवर गेला की क्यूआर वाचायला पुन्हा शिडी लागते.

डीव्हीआर किंवा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) असेल तर पाच जागा तपासा: वापरकर्त्यांची यादी (अ‍ॅडमिनशिवाय दुसरं नाव का आहे?), पासवर्ड विसरल्यावर कोड कोणत्या मोबाइलवर किंवा ईमेलवर जातो, पी२पी (कंपनीच्या सर्व्हरमार्फत बाहेरून बघायची सोय) चालू आहे का, यूपीएनपी चालू आहे का, आणि ईमेल-एफटीपीच्या खणात कोणाचा पत्ता भरलाय. शेवटचं कोणी उघडून बघत नाही. तिथे जुना पत्ता राहिला तर हालचालीचा प्रत्येक फोटो इमानदारीने तिकडे जात राहतो.

यूपीएनपी राउटरमध्येही बंद करा. ते चालू असलं की डीव्हीआर राउटरला सांगून स्वतःसाठी बाहेरून दार उघडून घेतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले ते असल्याच उघड्या दारांतून आणि कारखान्यातून आलेल्या ६० च्या आसपास नाव-पासवर्डांच्या जोड्यांनी. त्यात हुशारी काहीच नव्हती.

आता हिशेब. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण १ एमबीपीएसने लिहितो. म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. १२८ जीबी कार्डावर ११ दिवस बसतात, मग जुनं पुसलं जातं. हाच आकडा राउटरच्या अपलोडमध्ये दिसला तर कॅमेरा अखंड बाहेर पाठवतोय. कार्डावर बहुतेक वेळा काहीच एन्क्रिप्शन नसतं, कॅमेरा उपटून नेणारा रेकॉर्डिंगही नेतो. त्यामुळे दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आतल्या एनव्हीआरवर घ्या. कॅमेऱ्यात ओनव्हिफ किंवा आरटीएसपी (पोर्ट ५५४), म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डब्याला व्हिडिओ द्यायची सोय, असली तरच ते जमतं. नवीन घेताना दुकानात पहिला प्रश्न तोच विचारा.

दुसरा प्रश्न एसटीक्यूसी या सरकारी चाचणी यंत्रणेच्या प्रमाणपत्राचा. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्राच्या सुरक्षा चाचण्या बंधनकारक झाल्या. मॉडेल क्रमांकासकट प्रमाणपत्र मागा, कंपनीच्या नावावर भागवून घेऊ नका. आणि त्या प्रमाणपत्राचा अर्थ कॅमेरा फोडायला अवघड आहे एवढाच. कंपनी तुमचा व्हिडिओ कुठे ठेवते याच्याशी त्याचा संबंध नाही.

‘सगळं घरातच साठतं’ या जाहिरातीवरही डोळे मिटून जाऊ नका. युफीच्या कॅमेऱ्यांच्या सूचनांतली छोटी चित्रं क्लाउडवर जात होती हे नोव्हेंबर २०२२ मध्ये उघड झालं. वाइझच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातली चित्रं दिसली. त्यात कोणीही हॅक केलं नव्हतं, बंद पडलेली सेवा परत चालू होताना खाती एकमेकांत मिसळली.

हॉलमधल्या कॅमेऱ्यासाठी माझं मत सरळ आहे: घरात माणसं असताना त्याचा वीजपुरवठाच बंद. कॅमेऱ्याच्या अडॅप्टरला वेगळं बटण द्या. अ‍ॅपमधला ‘प्रायव्हसी मोड’ ही विनंती असते, बटण हा निर्णय.

गोरेवाडा

नेटवर्कचं मी सांगतो. ५ हजारांत बसतं.

कंपनीचा राउटर तुमचा नसतो. टीआर-०६९ नावाच्या व्यवस्थेने कंपनी तो दुरून सांभाळते. जोडलेल्या उपकरणांची नावं, वायफायचा पासवर्ड हे तिथून दिसू शकतं. मग त्यालाच ‘बाहेरची पडवी’ करा. कॅमेरे, मॉड्यूलं, टीव्ही, एसी, स्पीकर सगळे त्याच्यावर. दोन-अडीच हजारांचा स्वतःचा राउटर घ्या, त्याच्या वॅन पोर्टात कंपनीच्या राउटरच्या लॅनची वायर द्या, आणि फोन-लॅपटॉप फक्त या आतल्या राउटरवर ठेवा. आतून पडवीत जाता येतं, पडवीतून आत येता येत नाही. व्हीलॅन (एकाच राउटरवर वेगळी नेटवर्कं पाडायची पद्धत) शिकायची गरज पडत नाही.

पत्ते वेगळे ठेवा. बाहेर १९२.१६८.१.x असेल तर आत १९२.१६८.५०.x घ्या. दोन्हीकडे १९२.१६८.१.x राहिलं तर आतल्या राउटरला पडवी कुठे आहे तेच कळत नाही आणि ‘नेट चालत नाही’ म्हणून माणूस केबल बदलत बसतो. बाहेरच्या प्रत्येक उपकरणाला मॅक पत्त्यानुसार (उपकरणाचा कारखान्यातला क्रमांक) कायमचा आयपी बांधा. आतून शोधाशोध चालत नाही, पत्ता हाताने द्यावा लागतो. टीव्हीवर फोनचं कास्टिंगही बंद पडेल, कारण उपकरणं एकमेकांना ज्या एमडीएनएसने शोधतात (यूडीपी ५३५३), ते राउटर ओलांडत नाही. कास्ट करायचं असेल तेवढ्या वेळापुरता फोन बाहेरच्या वायफायवर न्या.

बाहेरच्या वायफायला २.४ गिगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झ रुंदी, डब्ल्यूपीए२ ठेवा. डब्ल्यूपीए३ किंवा मिश्र मोड ठेवला तर स्वस्त मॉड्यूलं अधूनमधून गळतात. वायफायचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता. आडनाव आणि फ्लॅट क्रमांक तर नावात नकोच.

सांबारवडी

गोरेवाडा, एवढं कशाला? कंपनीच्या राउटरवर गेस्ट नेटवर्क असतं. ते चालू केलं की उपकरणं वेगळी पडली. शून्य रुपयांत.

गोरेवाडा

ताई, कॅमेऱ्यासाठी आणि टीव्हीसाठी पुरतं, मॉड्यूलांसाठी नाही. बहुतेक गेस्ट नेटवर्कांत क्लायंट आयसोलेशन असतं: गेस्टवरची उपकरणं एकमेकांशीही बोलू शकत नाहीत आणि मुख्य वायफायवरचा फोनही त्यांच्याशी बोलू शकत नाही. मग घरातल्या घरात चालणारं मॉड्यूलही सर्व्हरला वळसा घालून चालतं. दिवा समोरच्या भिंतीवर आणि आज्ञा परदेशातून. म्हणजे तर्रीपोहा यांचा पहिला ढीग तुम्ही आपल्या हाताने दुसऱ्या ढिगात टाकला. काही राउटरांत ‘गेस्टला लॅन वापरू द्या’ असा टिकमार्क असतो, पण तो दिला की वेगळेपणच संपतं.

राउटर घ्यायचाच नसेल तर अर्धा मार्ग आहे: कॅमेरे, टीव्ही, स्पीकर गेस्टवर आणि मॉड्यूलं मुख्य वायफायवर. काहीच न करण्यापेक्षा बरं.

आणखी एक, पुढे कोणी होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपल्याच छोट्या कॉम्प्युटरवरून चालवायचं सॉफ्टवेअर) बसवेल म्हणून. तो डबा आतल्या राउटरवर ठेवलात तर तो बाहेरच्या मॉड्यूलांना गाठतो, पण एमक्यूटीटीवाली (ब्रोकर नावाच्या मधल्या प्रोग्रॅमकडे निरोप पाठवणारी) उपकरणं स्वतःहून त्याच्याकडे येऊ शकत नाहीत. आतल्या राउटरवर फक्त १८८३ हे एक पोर्ट त्या डब्याकडे फॉरवर्ड करा आणि ब्रोकरला नाव-पासवर्ड लावा. निनावी प्रवेश उघडा ठेवलात तर पडवीत उभं असलेलं कुठलंही उपकरण तुमचे दिवे लावेल.

तर्रीपोहा

आता डीएनएसवाले येतीलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. जुन्या रास्पबेरी पायवर अ‍ॅडगार्ड होम किंवा पाय-होल टाकून जाहिरातींचे आणि पाळतीचे पत्ते अडवता येतात. उपयोग आहे, पण मोठा उपयोग अडवण्यापेक्षा पाहण्याचा. आठवडाभर नुसती नोंद वाचा. कोणतं उपकरण रात्री कोणाला हाक मारतं, ते डोळ्यांसमोर येतं.

अडवताना अडचण अशी की काही टीव्ही आणि कॅमेरे तुम्ही दिलेला डीएनएस मानतच नाहीत, त्यांच्यात ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) आधीच कोरलेला असतो. तसं असेल तर पोर्ट ५३ वर जाणारं सगळं राउटरने आपल्या डीएनएसकडे वळवायला हवं (राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं, कंपनीच्या राउटरमध्ये सहसा नाही). डीएनएसची विचारणा एन्क्रिप्ट करून पाठवायचे दोन प्रकार आहेत. डीएनएस-ओव्हर-टीएलएस पोर्ट ८५३ बंद करून थांबतो. डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस मात्र वेबसाइटींच्याच ४४३ वरून जातो, तो पोर्टने थांबत नाही. ४४३ बंद केलं तर सगळंच थांबेल. म्हणून ज्या उपकरणाला इंटरनेट लागतच नाही, त्याचं बाहेर जाणंच पूर्ण बंद करा. राउटरमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल’ म्हणून जे असतं, त्यात उपकरण टाकून २४ तास बंदी लावली तरी हेच होतं.

आणि इथेच कॅमेरेवाले फसतात. इंटरनेट पूर्ण बंद केलं की कॅमेऱ्याला वेळ मिळत नाही. मे-जूनमध्ये वादळ येतं, लाइट जाते-येते, कॅमेरा पुन्हा सुरू होतो आणि घड्याळ १ जानेवारी १९७० वर. रेकॉर्डिंग आहे, पण वेळ चुकीची. चोरीच्या तक्रारीत असल्या फुटेजवर पहिला प्रश्न वेळेचाच येणार. उपाय: राउटरमध्ये एनटीपी (घड्याळ जुळवून देणारा) सर्व्हर चालू करा (यूडीपी १२३), कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वेळेचा सर्व्हर म्हणून राउटरचाच आयपी द्या, टाइमझोन ५:३०. राउटरला छोटा यूपीएस लावा, म्हणजे तो कॅमेऱ्याच्या आधी जागा असतो.

फुटाळा_काठ

मॉड्यूलं आणि कूलर माझ्याकडे.

लोकांना वाटतं दिवा लागला-विझला यात काय गुपित? नागपुरात आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी घरात माणूस असेल तर कूलर नाहीतर एसी चालू असणारच. दुपारी दोन वाजता दोन्ही बंद म्हणजे घराला कुलूप. सलग चार दिवस बंद म्हणजे कुटुंब गावाला. कूलरच्या प्लगची चालू-बंदची नोंद ज्याच्या सर्व्हरवर आहे, त्याला हे विचारावंही लागत नाही. वीज मोजणारा प्लग असेल तर आणखी पुढचं कळतं: पंप साधारण २० ते ४० वॅट, पंख्याची मोटर दीडदोनशे वॅट. नुसता पंप चालू दिसला तर ताट्या भिजवत ठेवून कोणी खाली गेलंय एवढंसुद्धा.

स्वयंपाकघरातला दिवा आणि कूलर यांच्या वेळा बाहेर जाऊ द्यायच्या नसतील तर मार्ग दोन.

पहिला, आहे ते मॉड्यूल घरापुरतं करणं. तुया (बऱ्याच ब्रँडांच्या मॉड्यूलांमागची कंपनी) पद्धतीचं असेल तर होम असिस्टंटमध्ये ‘लोकल की’ (त्या उपकरणाची गुप्त किल्ली) टाकून चालवता येतं आणि मग त्याचं इंटरनेट बंद करता येतं. ही की उपकरण अ‍ॅपमध्ये पुन्हा जोडलं की बदलते. अर्धे लोक इथेच ‘काल चालत होतं, आज काहून नाही’ म्हणून विचारतात. त्यामुळे एकदा जोडून झालं की अ‍ॅपमधून काढू नका, पुन्हा जोडू नका. काही मॉड्यूलं बाहेरचा सर्व्हर मिळाला नाही की दर काही मिनिटांनी स्वतःला रीस्टार्ट करतात. बंदी लावल्यावर पहिले दोन दिवस लक्ष ठेवा.

फर्मवेअरच बदलायचं असेल तर आधी चिप पाहा. जुन्यात ईएसपी८२६६ असते, तिथे टास्मोटा किंवा ईएसपीहोम बसतं. आता बऱ्याच जणांत बेकनची बीके७२३१ येते, तिथे ओपनबेकन. हे करताना मॉड्यूल स्विचबोर्डातून पूर्ण काढून टेबलावर घ्यायचं आणि फक्त ३.३ व्होल्टच्या यूएसबी-सिरीयल अडॅप्टरवर चालवायचं. २३० व्होल्ट जोडलेले असताना सिरीयलच्या पिना लावल्या तर लॅपटॉप जातो आणि तुमच्या हातालाही झटका बसतो. या मॉड्यूलांत ग्राउंड मेनलाइनपासून वेगळा केलेला नसतो.

दुसरा मार्ग झिगबी, म्हणजे वायफायऐवजी वेगळ्या कमी ताकदीच्या रेडिओवर चालणारी उपकरणं. झिगबीच्या उपकरणाला स्वतःचा इंटरनेट पत्ताच नसतो, ते घरातल्या डोंगलशीच (कॉम्प्युटरला लावायचा यूएसबी रेडिओ) बोलतं. डोंगल तुमच्या होम असिस्टंटच्या डब्याला असला तर बाहेर कळवणारा दुसरा कोणी उरत नाही. कंपनीचा क्लाउडवाला हब घेतलात तर मात्र हा फायदा गेला. डोंगल थेट यूएसबी ३ च्या खाचेत खुपसू नका, तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर येतो. मीटरभराच्या एक्स्टेंशन केबलवर लांब ठेवा. वायफाय चॅनल १ वर असेल तर झिगबीला २० किंवा २५ द्या. जुन्या घरांच्या स्विचबोर्डात न्यूट्रल नसतो, तिथे न्यूट्रलविना चालणारी मॉड्यूलं एलईडीला बंद असतानाही मिणमिणत ठेवतात. दिव्याला समांतर कंपनीचाच कपॅसिटर लावावा लागतो.

कूलरला १६ अँपिअरचाच प्लग घ्या. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि ६ किंवा १० अँपिअरवाल्या प्लगची रिले चिकटून बसते. मग अ‍ॅपमध्ये ‘बंद’ आणि कूलर चालूच. प्लग लोखंडी कूलरच्या मागे लपवला तर सिग्नलही तुटतो.

सांबारवडी

टीव्ही आणि स्पीकरबद्दल कोणी लिहिलं नाही.

टीव्हीत एसीआर म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते ओळखणारी सोय असते. पडद्याचे ठसे घेऊन ती सर्व्हरवर जुळवते. पडद्यावरचेच ठसे असल्यामुळे सेट-टॉप बॉक्स, पेन ड्राइव्ह, एचडीएमआयवरचा लॅपटॉप यांतून काहीही लावलं तरी तेही ओळखता येतं. विझिओ या टीव्ही कंपनीला याच कारणाने अमेरिकेत २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. सॅमसंगमध्ये हे ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ या नावाने, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ या नावाने सापडेल. बंद करा. ‘जाहिरातींसाठी ओळख’ हा क्रमांकही रीसेट करा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की पुन्हा जाऊन पाहा, नव्या अटींवर ‘मान्य’ दाबताना तेच परत चालू होऊ शकतं.

स्पीकरचं असं. हाक मारायचा शब्द उपकरणातच ओळखला जातो, त्यानंतरचं बोलणं सर्व्हरवर जातं. अ‍ॅलेक्सा अ‍ॅपमध्ये ‘अ‍ॅलेक्सा प्रायव्हसी’, तिथून ‘मॅनेज युवर अ‍ॅलेक्सा डेटा’. रेकॉर्डिंग ठेवूच नका, ३ महिने किंवा १८ महिने असे पर्याय आहेत. तिथेच खाली माणसांकडून ऐकून तपासण्याला दिलेली परवानगी असते, तीही काढा. गूगलमध्ये खात्याच्या ‘माय अ‍ॅक्टिव्हिटी’त आपोआप पुसण्याची मुदत ३, १८ किंवा ३६ महिने. ‘ठेवू नका’ म्हणजे ‘पाठवू नका’ नव्हे, हे लक्षात असू द्या. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं पालकांनी सांगूनही पुसली नाहीत, या आरोपावर अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये २.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. ज्या खोलीत पैशांचं, दवाखान्याचं बोलणं होतं तिथे स्पीकर ठेवू नये, आणि ठेवलाच तर माइक बंद करायचं बटण वापरावं.

घरातल्या डब्यावरच आवाज ओळखणारी सोय होम असिस्टंटमध्ये आहे. मराठीसाठी मात्र आत्ताच पैसे घालू नका. छोटं व्हिस्पर (आवाजाचं लिखाण करणारं) मॉडेल ‘पंखा’ आणि ‘पंप’ यांत गोंधळ घालतं, मोठं मॉडेल रास्पबेरी पायला झेपत नाही.

झिरोमाईल

चाचणी केली. कॅमेरे तिसऱ्या ढिगात, एसी दुसऱ्या, मॉड्यूलं पहिल्या. हॉलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ दिसतच नाही. मीटर आणि सोसायटी राहिलं.

खस_ताटी

‘शेअर’ दिसत नाही म्हणजे कॅमेरा तुमचा नाही. बसवणाऱ्याला आजच फोन लावा, आणि तो डिलीट करेपर्यंत अडॅप्टर काढून ठेवा.

फुटाळा_काठ

मीटर तुमच्या वायफायला जोडलेला नसतो. त्याचं बोलणं मोबाइल नेटवर्कवरून किंवा मीटरांच्या आपसातल्या रेडिओवरून होतं. मीटरसाठी कोणी वायफायचा पासवर्ड मागितला तर देऊ नका, तो महावितरणचा माणूस नव्हे. ‘मीटर अपडेट करायचाय, हे अ‍ॅप टाका’ असा फोन आला तरी तेच. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

स्मार्ट मीटरचं मानक आयएस १६४४४ आहे. वापराची नोंद १५ किंवा ३० मिनिटांच्या तुकड्यांत होते. दिवसा ९ ते ५ वीजदरात सवलत द्यायची तर वेळेनुसार नोंद लागणारच. त्यावरून घरात कोणी आहे की नाही याचा अंदाज येतो, कोणतं उपकरण चालू आहे हे जवळपास कळत नाही. ते कळायला सेकंदासेकंदाची नोंद लागते. एकाच तारेवरच्या मापावरून आतली उपकरणं ओळखायची पद्धत जॉर्ज हार्ट यांनी १९९२ मध्येच मांडली आहे. गंमत अशी की मीटरला विरोध करणारेच डीबीमध्ये (घरातली मेन स्विचची पेटी) वायफायवाला क्लॅम्प (तारेभोवती बसवून वीज मोजणारा) बसवतात आणि सेकंदाची नोंद परक्या क्लाउडला देतात. क्लॅम्प घ्यायचाच तर लोकल एपीआय असलेला, म्हणजे क्लाउडशिवाय घरातच आकडे देणारा घ्या.

सांबारवडी

सोसायटीचं सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने वापरलेला डेटा कायद्याबाहेर आहे, म्हणजे तुमच्या दारावरचा कॅमेरा त्यात येत नाही. सोसायटी मात्र व्यक्ती नाही, आणि गेटच्या अ‍ॅपची कंपनी तर नाहीच. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मागता येते, म्हणजे मराठीत मागा.

सभेत ठराव करून घ्यायचे मुद्दे: पाहुण्याचा फोटो घ्यायचाच का, मोबाइल क्रमांक गार्डच्या पडद्यावर पूर्ण दिसावा का, नोंदी किती दिवसांनी पुसायच्या, फुटेज कोण बघू शकतो आणि बघितल्याची नोंद कुठे होते. कामाला येणाऱ्या मावशींच्या येण्याजाण्याच्या वेळा सगळ्या घरांना दिसतात, ते आधी बंद करायला लावा. त्यांना कोणीच विचारलेलं नसतं.

कॅमेरा कायद्याबाहेर आहे म्हणून समोरच्या दारावर रोखायचा असं नाही. कॅमेऱ्यात ‘प्रायव्हसी मास्क’ असतो, शेजाऱ्यांचं दार काळ्या चौकोनात टाका. आणि घरातल्या राहत्या भागात सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय कॅमेरा लावता येत नाही, असा कलकत्ता उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. भाडेकरू, सासू-सासरे, पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

गोरेवाडा

जुनं उपकरण विकताना किंवा भंगारात देताना क्रम महत्त्वाचा. आधी अ‍ॅपमधून काढा, मग उपकरण रीसेट करा. उलट केलं तर खात्याशी बांधणी तशीच राहते आणि घेणाऱ्याला ते जोडताच येत नाही. कार्ड काढून घ्या. बंद पडलेलं, रीसेट न होणारं मॉड्यूल किंवा बल्ब असेल तर ते देऊच नका, नाहीतर वायफायचा पासवर्ड बदला. स्वस्त चिपांत तो साध्या अक्षरांत साठलेला असतो, वाचायला १० मिनिटं लागतात.

झिरोमाईल

एसीचं काय करू? अ‍ॅपशिवाय तो वायफायवर काहीच ऐकत नाही.

फुटाळा_काठ

एसीचं वायफाय बंदच ठेवा, रिमोटचं काम उरलंय तेवढं करा. ईएसपीहोमवर चालणारा आयआर ब्लास्टर (रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल सोडणारं यंत्र) घ्या, एसी ज्या प्रोटोकॉलचा आहे तो निवडा. प्रत्येक बटण वेगळं शिकवत बसू नका, एसीचा रिमोट दरवेळी तापमान-मोड-पंखा सगळं एकत्र पाठवतो. आयआर एकतर्फी असतो, एसी खरंच सुरू झाला की नाही हे त्याला कळत नाही. एसीच्या झोताच्या तोंडाशी तापमानाचा सेन्सर चिकटवा. १० मिनिटांत ५ अंशांनी उतरलं नाही तर आज्ञा पुन्हा पाठवायची. ब्लास्टर आणि एसी यांच्यामध्ये पडदा येऊ देऊ नका.